काकू किती राहिली

अंधाराला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांत मी स्वतःही आले. पण भर दुपारच्या उजेडाला घाबरून राहणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या नात्यात होता. माझ्या मावशीचे धाकटे दीर. मावशी त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून आम्ही भाचरंही भाऊजी म्हणू लागलो, मग आमची मुलं, मग हरणी भागातल्या त्यांच्या सोसायटीचा वॉचमन. दूधवाला तर 'भाऊजीभाई' म्हणे. त्यांच्या फ्लॅटच्या खिडक्यांना दुहेरी पडदे, पडद्यांमागे काचेवर चिकटवलेला खाकी कागद आणि ट्यूबलाइटला गुंडाळलेला पतंगाचा लाल कागद. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सगळं शहर पतंग घेऊन गच्चीवर उन्हात रापत असायचं, आणि हे घडियाळी पोळाच्या बाजारातून आणलेल्या नव्या कागदानं ट्यूबलाइटचं पांघरूण बदलत बसायचे. बाहेरून आत गेलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नसे. मग कोपऱ्यातून आवाज यायचा, "दार लाव आधी, उजेड आत येतोय." मांजर घरात शिरतंय अशा सुरात सांगायचे. लाल अंधारात हळूहळू खुर्ची दिसायची, मग खुर्चीतले भाऊजी, मग त्यांच्या मागे घुं घुं करणारा तो भला मोठा फ्रिज.

पूर्वी ते असे नव्हते. रिफायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी, हातात कायम थर्मामीटर, चहासुद्धा मोजून मापून गरम. त्यांच्या एका साल्यानं अमेरिकेतून झटपट फोटोचा कॅमेरा आणून दिला आणि भाऊजी बिघडले. बटण दाबलं की घर्र आवाज करून जीभ बाहेर काढल्यासारखा पांढऱ्या चौकटीचा कागद बाहेर यायचा. कागद आधी कोरा, मग त्यात धुक्यातून आल्यासारखी माणसं यायची. बाकीचे लोक तो कागद वाऱ्यावर हलवतात, भाऊजींना ते पाप वाटे. "माणूस येतोय त्यात, हलवताय काय?" थंडीत फोटो नीट यायला ऊब लागते, हे त्यांनी प्रयोगानं सिद्ध केलं होतं, आणि ऊब कुठली, तर काखेतली. माझ्या मामेभावाचं लग्न डिसेंबरात होतं. भाऊजींनी अंतरपाटापूर्वीच त्याचा फोटो काढला आणि त्याच्याच काखेत ठेवला. "दहा मिनिटं हात हलवायचा नाही," अशी ताकीद. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, आणि नवरदेवानं एका हातानं भिरकावलेली माळ नवरीच्या कानाला अडकून लोंबकळत राहिली. तिच्या माहेरचे लोक बरीच वर्षं मुलगा हातानं अधू आहे असं समजत होते. फोटो मात्र सुंदर आला होता, हे सांगायला हवं.

पुढे ती फिल्म बनवणारी कंपनीच बसली. ही बातमी भाऊजींनी घरातलं कुणी गेल्यासारखी सांगितली. मोबाइलनं सगळे फुकटात फोटो काढायला लागले होते, त्यामुळे बाकी कुणाला फरक पडला नाही. भाऊजींनी मात्र बडोद्याच्या अलकापुरीपासून अहमदाबादपर्यंतच्या दुकानांतला उरलासुरला माल उचलला. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनी चॉकलेटं आणली तर ते नाक मुरडायचे, फिल्मचं खोकं आणलं तर डोळे भरून यायचे. नंतर म्हणे परदेशात कुठेतरी काही खटपट्या मंडळींनी ती फिल्म पुन्हा बनवायला घेतली. एक खोकं कुणीतरी आणून दिलं. पूर्वी दहा फोटो निघायचे, यात आठच, आणि सगळ्यांचे चेहरे काविळीचे. "ही पोरं जिद्दीची आहेत," भाऊजी म्हणाले, "पण किती दिवस बनवतील? आज आहे, उद्या नाही. मी कुणाच्या भरवशावर राहू?" म्हणून मुदत संपलेली जुनी फिल्मच ते फ्रिजात घालून पुरवून पुरवून वापरू लागले.

इथून आमच्याकडे जरा विचित्र गोष्टी सुरू झाल्या. फिल्म जुनी झाली की तिच्यातलं औषध कडेकडेनं सुकतं, त्यामुळे कडेला उभी असलेली माणसं फोटोत येतच नाहीत. एका घरगुती फोटोत मावशीचे यजमान, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, अगदी कडेला उभे होते. ते आले नाहीत. त्यांची काठी तेवढी आली, कुणी धरलेलं नसताना सरळ उभी. आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवाळीच्या आतच ते गेले. त्यानंतर आमच्या घरी ग्रुप फोटोत कडेला उभं राहायला कुणी तयार होईना. सगळे मध्यभागी एकमेकांच्या अंगावर चढायचे, म्हातारीकोतारीसुद्धा कोपरं मारून आत घुसायची. शेवटी मावशीनं तोडगा काढला आणि दोन्ही कडांना तुळशीच्या कुंड्या ठेवायला सुरुवात केली. "अहो, औषध सुकतंय, माणसं नव्हे," भाऊजी कळकळीनं सांगायचे. पण पुढच्याच महिन्यात डावीकडची तुळस वाळली, तेव्हा तेही गप्प झाले.

या सगळ्यात खरे हाल काकूचे. काकू म्हणजे भाऊजींची बायको. गोल चेहऱ्याची, हसली की डोळे मिटणारी. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळे तिचेच. फ्रिजचा एकेक कप्पा फिल्मच्या खोक्यांनी घेतला तशी तिची भाजी बाहेर आली, मग चटण्या, मग श्रीखंडाचं पातेलं. "लोकांकडे दही विरजतात, आमच्याकडे फोटो विरजतात," असं ती म्हणायची, पण हसत हसत. दह्यावर तिचा विशेष जीव. सासूकडून मिळालेलं विरजण तिनं तीस वर्षं तुटू दिलं नव्हतं. रोज चमचाभर राखून ठेवायची. शेजारणी तिच्याकडे वाटी घेऊन यायच्या, ती कधी कुणाकडे गेली नाही. या एका बाबतीत तिला थोडी घमेंड होती म्हणा ना.

फोटो काढतो म्हटलं की मात्र ती पळायची. सगळ्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा एकच फोटो काढता आला. ती बाहेरून घरात येत होती आणि उंबऱ्यात पाऊल टाकताच यांनी बटण दाबलं. दारात उभी काकू, जांभळी साडी, पाठीमागे जिन्यातलं ऊन, चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू, आणि डावा हात पाठीमागे घेतलेला. पाठीमागे लाटणं लपवलंय, आता बसणार एक भाऊजींच्या डोक्यात, असं आम्ही चिडवायचो. त्यानंतर चार महिन्यांनी काकू गेली. साधा ताप आला आणि तीन दिवसांत गेली. भाऊजी वरवर शांत राहिले, पण तेराव्याला त्यांनी भिंतीवर जी चौकट टांगली तिच्यात फोटोच नव्हता. चंदनाचा हार घातलेली रिकामी चौकट. आत नुसता पांढरा पुठ्ठा.

"फोटो भिंतीवर लावला तर उजेड त्याला खाईल," भाऊजी म्हणाले. या फोटोला निगेटिव्ह नसते, आहे तो एकच कागद. तो त्यांनी मलमलीत गुंडाळून फ्रिजात ठेवला आणि तेव्हापासून घरात उजेडबंदी आली. लग्नातला फोटो लावा म्हटलं तर म्हणाले, "त्यातल्या मुलीला मी नुकताच भेटलो होतो. तिला कुठे ओळखतो मी?" खालच्या मजल्यावरच्या चंदाबेन भेटायला आल्या. अंधारात त्यांनी चौकटीसमोर हात जोडले, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "बहु शांत चेहरो छे." मी त्यांच्या शेजारीच उभी होते. हसू दाबायला म्हणून मान वर केली आणि त्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बघताना का कोण जाणे, हसू आलंच नाही.

वर्षातून एकदा, काकूच्या तिथीला, फोटो बाहेर निघायचा. गुरुजी गेले, काकूचं पान वाढून झालं, की भाऊजी मलमलीची पुरचुंडी आधी बंद डब्यात अर्धा तास ठेवायचे, दव धरू नये म्हणून. मग लाल उजेडात तो कागद हातोहात फिरायचा आणि आम्ही सगळे एकच गोष्ट बघायचो, या वर्षी काकू किती राहिली. पहिल्या वर्षी साडीचा जांभळा रंग राखाडी झाला. मग जिन्यातलं ऊन पसरत पसरत तिच्या खांद्यावर आलं. मावशी म्हणायची, ती मागे सरकतेय. "गेल्या वर्षी ती उंबऱ्यात होती, आता बघ, उंबऱ्याच्या पलीकडे आहे." भाऊजी पट्टी लावून मोजायचे. मोजायचे आणि आकडा कुणाला सांगायचे नाहीत. एकदा मात्र मला म्हणाले, "माझं काही मागणं नाही गं. माझ्यापर्यंत टिकली पाहिजे, एवढंच."

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, त्यात काय. आम्हीही म्हणालो. भाऊजींचं उत्तर ठरलेलं: "तिच्या अंगावरून जो उजेड आला तो या कागदात शिरलाय. तुझ्या मोबाइलमध्ये या कागदावरचा उजेड शिरेल. ती कुठे शिरेल?" पण मावशीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, गुपचूप काढ. मी ओढणीखाली मोबाइल धरला, कागद माझ्या हातात आल्यावर बटण दाबलं, आणि मेल्या मोबाइलचा फ्लॅश चालू होता. त्या लाल खोलीत वीज पडल्यासारखा लखकन उजेड झाला. क्षणभर सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक दिसले, आणि भाऊजींचं तोंड उघडं राहिलेलं. ते रागावले नाहीत. कागद माझ्या हातून अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "दोन वर्षं कमी केलीस तिची." मोबाइलमध्ये बघितलं तर नुसता पांढरा झोत. त्या रात्री मी जेवले नाही.

खरंच दोन वर्षं कमी झाली की काय, देव जाणे. पुढच्या तिथीला नुसती सावली उरली होती आणि त्याच्या पुढच्या तिथीला कागदावर काहीही नव्हतं. पिवळट पांढरा, कोरा. मावशीच्या हातात तो पहिल्यांदा आला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तेवढ्यात भाऊजी खुर्चीतून म्हणाले, "मला हल्ली धूसर दिसतंय. मोतीबिंदू पिकलाय म्हणतात. तूच सांग वहिनी, कशी दिसते?" मावशी, जिनं आयुष्यात कधी साधी थाप मारली नाही, ती म्हणाली, "छान दिसतेय. हसतेय." मग कागद माझ्याकडे आला. मी म्हटलं, साडीचा काठ अजून ओळखू येतोय. असा सगळ्यांनी तो कोरा कागद हातात घेऊन काकू पाहिली. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते, हे टाळत होते. डोळ्यांचा दोष आहे, फोटोचा नाही, असं त्यांनी स्वतःला पटवलेलं होतं आणि आम्ही त्यात मीठमसाला घालत होतो. चार वर्षं हे चाललं. सांगताना मजा वाटते, पण त्या लाल अंधारात एकापाठोपाठ एक माणूस कोऱ्या कागदाकडे बघून बाईचं वर्णन करतोय, आणि दरवर्षी वर्णन अधिकच बारीक होतंय, हे ऐकताना अंगावर काटा यायचा. एका वर्षी मी तिच्या कपाळावरची बट सांगितली. ती फोटोत होती की नाही, मला आता सांगता येणार नाही.

मग आली हेतल. मावशीची नातसून, नडियादची गुजराती मुलगी, लग्नाला तीन महिने झालेले. मराठी बोलायची हौस दांडगी. तिच्या पहिल्या तिथीला आम्ही सगळं तिला समजावलं, पान कुठे ठेवायचं, कुणाला आधी वाढायचं. नेमकं कोऱ्या कागदाचं सांगायचं राहिलं. ते लक्षात आलं तेव्हा कागद तिच्या हातात पोचला होता. भाऊजी म्हणाले, "तू तर तिला पाहिलेलं नाहीस. बघ बरं, कशी दिसते?" मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं. आता ही म्हणणार, भाऊजी, हे तर कोरं आहे. हेतलनं कागद जवळ नेला, लांब धरला, आणि सहज म्हणाली, "दारात उभ्या आहेत ने. आणि डाव्या हातात वाटकी आहे."

भाऊजींनी डोळे उघडले. "काय आहे?"

"वाटकी. स्टीलची. झाकून धरली आहे."

भाऊजींनी हात पुढे करून कागद घेतला आणि मलमलीत गुंडाळला. स्वयंपाकघरात गेल्यावर मी हेतलला म्हटलं, फार छान सांभाळून घेतलंस हो. तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "काय सांभाळलं? दिसलं ते सांगितलं. तुम्हाला नाही दिसत?" मी तिच्या हातात पोळ्यांचा डबा दिला आणि बाहेर पाठवलं. दुसरं काय करणार.

आठच दिवसांत भाऊजींनी आपण होऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. त्यांना स्वच्छ दिसू लागलं तशी आमची झोप उडाली. येत्या तिथीला ते कागद बघणार, आणि चार वर्षं आम्ही काय केलं ते त्यांना कळणार. मावशीनं तब्येतीचं निमित्त काढून पाहिलं, पण भाऊजींनी तिला रिक्षा पाठवली. त्या दिवशी त्यांनी कागद कुणाच्या हातात दिला नाही. स्वतः चष्मा लावून खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यावर काही नाही."

मावशी रडायला लागली. "चार वर्षं झाली हो भाऊजी. सांगायचा धीर नाही झाला."

"मला वाटतच होतं," ते म्हणाले. "तुमच्या तोंडून ऐकलं की दिसायची. म्हणून विचारत राहिलो." मग ते हेतलकडे वळले. "पण वाटी या फोटोत कधीच नव्हती. हात तिनं मागे घेतला होता ना. त्या दिवशी फिल्मची दोन खोकी आली होती आणि जागा करायला मी तिचं विरजण फ्रिजमधून काढून ओतून दिलं. मला वाटलं, उरलंसुरलं ताक आहे. तीस वर्षांचं विरजण गं. तिनं खाली जाऊन चंदाबेनकडून विरजणाची वाटी मागून आणली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मला दिसून वाईट वाटू नये म्हणून पाठीमागे लपवली. मला ते फोटो काढून झाल्यावर कळलं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही." आम्ही लाटण्यावरून किती हसलो होतो, तेच प्रत्येकाला आठवत असणार. मला तरी आठवत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी कागद हेतलच्या हातात दिला. "आता बघ. दिसते?"

तिनं पुन्हा तसाच जवळ नेला, लांब धरला. "ना, भाऊजी. आता दार उघडं आहे नुसतं." कागद परत देत ती म्हणाली, "आत गेल्या असतील."

आम्ही सगळ्यांनी एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मुद्दाम नव्हे. भाऊजीही बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. "बरं," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी पडदे बाजूला केले. खाकी कागद टराटरा फाडले. इतक्या वर्षांनी त्या खोलीत ऊन आलं तेव्हा कळलं की भिंती पोपटी होत्या.

त्यानंतर दोन वर्षं ते होते. फ्रिजात फिल्मऐवजी भाजी आली, आणि खालच्या कप्प्यात रोज चमचाभर विरजण, चंदाबेनकडून आणून सुरू केलेलं. एकदा मला बोलावून त्यांनी कॅमेरा दिला. "आत एकच फिल्म उरलीय. पुढे मिळेल न मिळेल. फ्लॅश मात्र नको," असं म्हणून हसले. म्हणजे मला माफ केलं होतं. एकच आहे म्हणून मी ती जपून ठेवली. मुलीच्या लग्नाला काढू, नातू झाला की काढू. समोर भाऊजी बसलेले असायचे, उन्हात, ताकाचा पेला हातात, आणि कॅमेरा माझ्या कपाटात असायचा.

गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा एकही धड फोटो कुणाकडे नाही. नोकरीच्या ओळखपत्रावरचा होता, तो ओलीनं गेलेला. लग्नातला होता, पण त्यातल्या मुलाला आम्ही तरी कुठे ओळखत होतो. शेवटी मावशी म्हणाली, आहे तसंच लावा. काकूच्या चौकटीशेजारी तशीच दुसरी चौकट, तसाच हार, आत तसाच पांढरा पुठ्ठा. चंदाबेन काठी टेकत वर आल्या, दोन्ही चौकटींना हात जोडले, आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "हवे बन्ने हसे छे." आता म्हणे दोघंही हसतायत. मी मान वर केली. खोलीत भरपूर ऊन होतं. मला काही दिसलं नाही, पण मी त्यांना हो म्हटलं.

फिल्मचा तो शेवटचा कागद अजून कॅमेऱ्यात आहे, आणि कॅमेरा माझ्या फ्रिजात, विरजणाच्या वाटीशेजारी. आता फोटो येईल की नाही, कोण जाणे. कुणाचा काढायचा, तेही ठरत नाही. ज्याचा काढायचा होता तो माझ्या समोर दोन वर्षं बसला होता.